पृथ्वी आधीही तापली होती, मग आज वेगळं काय?

इंदूरला काकांच्या नव्या घराचा पाया खणला, तेव्हा काळा दगड निघाला. त्यातला एक तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. अंगभर बारीक भोकं, काहींत पांढरे स्फटिक. "हा लाव्हा ना गं? तेव्हा कुठे होत्या गाड्या? पृथ्वी आपली तापते नि निवते."

ती भोकं म्हणजे लाव्हा थिजताना अडकलेले वायूचे बुडबुडे. माळव्याचा हा बसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्याही आधी धार जिल्ह्यातल्या बाग गावापर्यंत समुद्र आत आला होता, तिथल्या चुनखडीत समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात. तेव्हाची पृथ्वी आजच्यापेक्षा कितीतरी उष्ण होती. काकांचं एवढं अगदी खरं.

घोळ होतो तो वेगात. माळव्यावर लाव्हा ओतला गेला लाखो वर्षं, टप्प्याटप्प्याने. 5.6 कोटी वर्षांपूर्वी हवेत खूप कार्बन मिसळून पृथ्वी 5-6 अंशांनी तापली, तेव्हाही काही हजार वर्षं लागली. तरी समुद्र आम्लधर्मी झाले, तळाचे सूक्ष्मजीव मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले आणि घडी बसायला लाखाहून अधिक वर्षं गेली. आज आपण हवेत कार्बन सोडतोय तो त्या वेळच्या साधारण दहापट वेगाने, असा अंदाज आहे. मला भीती वाटते ती याचीच.

शेवटचं हिमयुग सरतानाही पृथ्वी तापली, पण पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी सुरुवात करून दिलेल्या त्या प्रवासात एका अंशाला दीड-दोन हजार वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एका अंशाहून जास्त वाढ झालीय. कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत 280 होता, तो 420 च्या पुढे गेला. बर्फात अडकलेल्या हवेची 8 लाख वर्षांची नोंद आहे, त्यात तो 300 च्या आसपासच थांबायचा.

"सूर्यच तापला असेल," काका म्हणाले. तसं असतं तर वरचं वातावरणही तापलं असतं. ते मात्र थंड होतंय. शिवाय हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-14 चं, म्हणजे काळानुसार आपोआप विरत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनचं, प्रमाण घटतंय. कोळसा नि तेल इतकं जुनं, की त्यात तो उरलेलाच नसतो; म्हणजे हवेतला वाढीव कार्बन तिथूनच आलाय.

काकांनी दगड तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. "मग आपल्या माळव्याच्या रात्री पूर्वीसारख्या गार नाहीत, तेही यामुळेच?"

एकट्या इंदूरच्या बाबतीत सिमेंट-डांबराचाही हात असणार. पण कार्बन डायऑक्साइडसारखे वायू दिवसाची ऊब रात्रीही सहज निसटू देत नाहीत, आणि जगभर रात्री दिवसांपेक्षा वेगाने तापल्या आहेत.