पाठवणीलाच अडकणारी डीव्हीडी

ताईच्या लग्नाची डीव्हीडी आमच्याकडे नेमकी पाठवणीलाच अडकायची. हळद, मंगलाष्टका, पंगत सगळं नीट दिसायचं. ताई आईच्या गळ्यात पडली की चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा आणि आई रिमोट धरून तशीच बसून राहायची.

यात योगायोग फारसा नाही. डीव्हीडीवर माहिती आतून बाहेर, गोल गोल लिहिली जाते. चकती भरलेली असेल तर लग्नाचा शेवट बाहेरच्या कडेशी येतो, आणि हाताळताना बोटं लागतात तीही कडेलाच. शिवाय चकतीला जरासा बाक आला, तर मध्याजवळ तो जाणवत नाही. कडेला मात्र लेझरचा नेम चुकवायला पुरतो. वर चिकटवलेल्या कागदी लेबलनेही चकती वाकते, म्हणून ते लावूच नये. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 16 एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट वेगाने राइट केलेल्या डीव्हीडीत तो पूर्ण वेग बहुतेक वेळा फक्त कडेजवळच गाठला जातो, आतली सुरुवात बरीच संथ असते. म्हणजे घाईचं लिखाण नेमकं पाठवणीच्या वाट्याला येतं.

कारखान्यात छापलेल्या चकतीत माहितीचे सूक्ष्म खड्डे ठशाने उमटवलेले असतात. घरी राइट केलेल्या चकतीत खड्डे नसतात. तिथे सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटतात. चकती उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. लिहिलेला आणि कोरा भाग यांच्या छटा वेगळ्या दिसतात, मध्ये स्पष्ट गोल सीमा असते. हा रंग उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, म्हणून खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर चकती ठेवू नये.

अडकली की आधी पुसा, पण गोल फिरवत नाही. मऊ, ओलसर सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा. डीव्हीडीवर माहितीबरोबर पडताळणीचे जादा आकडेही लिहिलेले असतात. त्यांच्या जोरावर माहितीच्या रेषेवर सलग सुमारे 6 मिलिमीटर भाग गेला तरी प्लेअर तो भरून काढतो. मध्यापासून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातला थोडासाच भाग खातो, गोल ओरखडा एकाच रेषेवर लांबवर धावतो आणि ही मर्यादा ओलांडतो. चकती आदल्या दिवशी छान चालून दुसऱ्या दिवशी एकदम बंद पडते ती यामुळेच. चुका आत साठत असतात, पण मर्यादा संपेपर्यंत पडद्यावर काही दिसत नाही.

सीडीची गोष्ट वेगळी. डीव्हीडीत माहितीचा थर 0.6 मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो, सीडीत तो वरच्या छापील बाजूखाली अगदी लगेच. खालचा बारीक ओरखडा घासून घालवता येतो. वरून बॉलपेनने ओढलेली रेघ थेट माहितीच खरवडते. म्हणून लिहायचंच असेल तर चकत्यांसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर.

चकती सुरुवातीपासून ओळखलीच जात नसेल, तर ओरखडे शोधण्यात वेळ घालवू नका. राइट करणाऱ्याने ती फायनलाइज केली नसेल, म्हणजे शेवटची नोंद लिहून बंद केली नसेल, तर बरेच प्लेअर तिला कोरीच समजतात. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडीवरून उजेडच कमी परततो, 15 ते 25 टक्के. छापील सीडीवरून निदान 70 टक्के. जुन्या प्लेअरच्या डोळ्यांना तेवढा पुरत नाही.

माझं कळकळीचं सांगणं एकच. एका प्लेअरने नाकारलेली चकती फेकू नका. प्लेअरला चित्र पुढे पळवायचं असतं, अडलेल्या जागी तो थांबू शकत नाही. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह वेग कमी करून तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो, आणि एका ड्राइव्हला जमलं नाही ते दुसऱ्याला जमतं. डीडीरेस्क्यूसारखा मोफत प्रोग्राम आधी चांगला भाग उतरवून घेतो, मग खराब जागांकडे परत वळतो. आमची डीव्हीडी तिसऱ्या ड्राइव्हवर रात्रभर चालू ठेवली. सकाळी फाइल उघडली. पाठवणीत दोनदा चित्र थबकलं, पण ताईने मागे वळून पाहिलं ते पूर्ण दिसलं. आईने ते तीन वेळा लावायला सांगितलं.