बाइट लिहिता न येणारा प्रोसेसर: लिनक्समधून जुनी आर्किटेक्चर्स का गळतात याची पार्श्वभूमी

जुलै २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ६.१० या आवृत्तीतून डीईसी कंपनीच्या अल्फा घराण्यातील सर्वांत आधीच्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकण्यात आला. 'जुने झाले, म्हणून गेले' एवढ्यावर या घटनेचा उलगडा होत नाही, कारण त्याच घराण्यातले थोडे नंतरचे प्रोसेसर, ज्यांची विक्री कधीच थांबली आहे, ते कर्नलमध्ये तसेच राहिले. दोघांमधला खरा फरक एका क्षमतेचा होता. आधीच्यांना मेमरीत सुटा बाइट लिहिण्याची आज्ञाच नव्हती, नंतरच्यांना ती मिळाली होती. जुन्या प्रोसेसरांना आधार देताना नेमके काय अवघड होते, हे समजून घ्यायला मला या उदाहरणाइतके चांगले दुसरे उदाहरण दिसत नाही. मात्र त्याआधी थोडे मागे जावे लागते.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली जाहीर वाच्यता केली, तेव्हा ती दुसऱ्या यंत्रांवर नेता येण्यासारखी नाही, असे त्यांनी स्वतःच सांगून टाकले होते. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळण्यासाठी ती इंटेलच्या ३८६ प्रोसेसरची अंगभूत सोय थेट वापरत होती. हे बंधन सैल करण्याचे पहिले प्रयत्न अमिगा आणि अटारी संगणकांच्या मालकांकडून झाले, कारण त्यांच्याकडे मोटोरोलाचे ६८००० मालिकेतील प्रोसेसर होते. कर्नलची अंतर्गत मांडणी मात्र मुळातून बदलली ती अल्फामुळे. १९९४ मध्ये डीईसीचे जॉन हॉल यांनी टोरवाल्ड्स यांना अल्फाचे यंत्र मिळवून दिले. मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स या प्रोसेसर-घराण्यांचा समावेश झाला, आणि प्रत्येक आर्किटेक्चरचा (प्रोसेसर-घराण्याच्या रचनेचा) खास कोड वेगळ्या कप्प्यात, बाकीचा सर्वांना सामाईक, ही आजही टिकून असलेली रचना रूढ झाली.

या रचनेने लिनक्स घरातल्या राउटरपासून महासंगणकापर्यंत पोचला. पण सामाईक कोड लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रोसेसरबद्दल काहीतरी गृहीत धरावेच लागते: बाइट सुटा लिहिता येतो, दोन किमतींची तुलना आणि अदलाबदल एकाच अखंड आज्ञेत होते, चार बाइटांचा पूर्णांक चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असतो. वर्षागणिक ही गृहीतके वाढत गेली. जो प्रोसेसर त्यांपैकी एखादे पूर्ण करत नाही, त्याच्यासाठी कुणीतरी कायम आडवाटा राखत बसावे लागते.

१९८५ मध्ये आलेल्या ३८६ चे तेच झाले. कर्नल जेव्हा नवी प्रक्रिया जन्माला घालतो, तेव्हा मूळ प्रक्रियेची सगळी मेमरी लगेच नक्कल करत नाही. दोघांनाही तीच पाने दाखवून ती 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण करतो, आणि कुणी लिहू लागले की त्या पानाची प्रत काढतो. ३८६ मध्ये मात्र कर्नल स्वतः लिहीत असेल, तर ही खूण प्रोसेसर जुमानतच नसे. म्हणजे एखादी फाइल वाचून तिचा मजकूर प्रक्रियेच्या मेमरीत ठेवताना कर्नलच्या हातून दोघांचे सामाईक पान खराब होण्याचा धोका होता. त्यामुळे लिहिण्याआधी प्रत्येक पान हाताने तपासावे लागे, आणि तपासणी व लेखन यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने (त्याच प्रोग्राममधल्या समांतर चालणाऱ्या धारेने) परिस्थिती बदलली, तर ती तपासणीही फोल ठरे. १९८९ च्या ४८६ मध्ये इंटेलने यासाठी एक नियंत्रण-बिट दिला आणि प्रश्न मिटला. ४८६ नेच तुलना-अदलाबदलीची अखंड आज्ञा आणली, जिच्यावर पुढे जीलिबसी या मूळ लायब्ररीतील नव्या थ्रेड-व्यवस्थेची उभारणी झाली. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलचे विकासक इंगो मोल्नार यांनी ३८६ चा आधार काढण्याचे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवले. ज्या प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याला निरोप देताना आपण हळवे होत नाही, असे टोरवाल्ड्स यांनी स्वच्छ सांगितले आणि ३.८ या आवृत्तीत तो बदल आला.

आता अल्फा. १९९२ चा पहिला अल्फा प्रोसेसर त्या काळचा अतिशय वेगवान ६४-बिट प्रोसेसर होता, आणि त्या वेगासाठी त्याच्या रचनाकारांनी मेमरीचे व्यवहार चार किंवा आठ बाइटांच्या तुकड्यांपुरते ठेवले. सुटा बाइट वाचता-लिहिता यावा यासाठी मेमरी आणि रजिस्टर यांच्या वाटेवर बाइट सरकवणारे जादा सर्किट लागते, आणि चुका दुरुस्त करणारे संकेतबिट असलेल्या कॅशमध्ये सुटा बाइट लिहायचा तर आजूबाजूचा तुकडा आधी वाचून घ्यावा लागतो. दोन्हींमुळे घड्याळाचा ठोका लांबला असता. म्हणून ते काम कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रामचे प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोपवले गेले. कंपायलर आठ बाइटांचा तुकडा रजिस्टरमध्ये आणे, हवा तो बाइट पुसे, तिथे नवा बसवे आणि संपूर्ण तुकडा परत लिही.

एकट्या, एकधारी प्रोग्रामसाठी हे पूर्णपणे बरोबर आहे. पण समजा, एकाच तुकड्यातल्या शेजारच्या दोन बाइटांवर दोन प्रोसेसर एकाच वेळी काम करत आहेत. दोघेही जुना तुकडा वाचतात, प्रत्येक जण आपला बाइट बदलतो आणि तुकडा परत ठेवतो. जो नंतर ठेवील, तो पहिल्याचा बदल नकळत पुसून टाकतो. दोन्ही प्रोग्रामरांनी लिहिलेल्या कोडमध्ये काहीही चूक नसते, दोघे एकमेकांच्या चलाला हातही लावत नाहीत, तरीही माहिती हरवते. एकच प्रोसेसर असला, तरी वाचणे आणि लिहिणे यांच्या मध्ये इंटरप्ट (चालू काम थांबवणारा संकेत) आला की हाच प्रसंग ओढवू शकतो. अशा चुका वर्षातून एखाद्या वेळी, भार वाढल्यावरच प्रकट होतात आणि शोधू जाता हाती लागत नाहीत. डीईसीलाही ही अडचण जाणवली होती. १९९६ मध्ये आलेल्या २११६४ए या प्रोसेसरपासून बाइट आणि दोन बाइटांच्या शब्दांसाठी स्वतंत्र आज्ञा जोडण्यात आल्या. कर्नलने २०२४ मध्ये रेघ ओढली ती नेमकी याच ठिकाणी.

ही रेघ ओढायला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर सी भाषेच्या इतिहासात आहे. जुन्या सी मानकाला थ्रेड ठाऊकच नव्हते, त्यामुळे शेजारचा बाइट पुन्हा लिहिणारा कंपायलर नियमभंग करत नव्हता. २०११ च्या मानकाने प्रथमच स्पष्ट वचन दिले की दोन वेगळ्या मेमरी-स्थानांवर दोन थ्रेडनी केलेली लिखाणे एकमेकांत लुडबुड करणार नाहीत, आणि बाइट हेही वेगळे स्थानच आहे. कर्नलचे प्रोग्रामर हे आधीपासूनच गृहीत धरून चालले होते. २०१२ च्या आरंभी कर्नलचे विकासक यान कारा यांनी इंटेलच्या इटेनियम प्रोसेसरच्या यंत्रावर सापडलेली एक विलक्षण चूक मांडली. बीटीआरएफएस या फाइल-सिस्टिमच्या एका रचनेत बत्तीस बिटांचे कुलूप (एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारे) आणि त्याच्या शेजारी एका बिटाची खूण होती. जीसीसी कंपायलर ती खूण बदलताना सबंध चौसष्ट बिट उचलून परत ठेवत असे, आणि त्यात शेजारच्या कुलपाची जुनी किंमत त्याच्यावर पुन्हा लिहिली जाई. इटेनियमला लहान तुकडे लिहिता येत होते. इथे चूक प्रोसेसरच्या अभावाची नसून कंपायलरच्या निवडीची होती, आणि ती कंपायलरमध्ये दुरुस्त झाली. जुन्या अल्फाच्या बाबतीत कंपायलरला अशी सोपी निवडच उपलब्ध नव्हती. प्रत्येक बाइट अखंडता राखणाऱ्या आज्ञांच्या जोडीने, जमेपर्यंत पुन्हापुन्हा प्रयत्न करत लिहायचा, हा मार्ग शिल्लक होता. तो महाग आहे, तरीही जीसीसीमध्ये तशी सोय करण्याचे काम कर्नलमधून आधार गेल्यानंतर एका स्वयंसेवकाने हाती घेतले.

अल्फाचा मेमरीचा क्रम हा आणखी एक विषय. एका प्रोसेसरने आधी माहिती भरली आणि मग तिचा पत्ता जाहीर केला, तर दुसऱ्याने नवा पत्ता वाचल्यावर त्या पत्त्यावर नवीच माहिती दिसावी, असे कुणालाही वाटेल. अल्फा एवढीही खात्री देत नाही. या एका घराण्यासाठी सामाईक कोडमध्ये जागोजागी खास अडसर लिहिलेले होते. ते अल्फाच्या स्वतःच्या कप्प्यात हलवण्याचे काम ४.१५ या आवृत्तीपासून सुरू होऊन ५.९ मध्ये पुरे झाले. मला हे उत्तम उदाहरण वाटते: जुन्याला आधार द्यायचा, पण त्याची किंमत इतरांनी रोज मोजू नये.

इटेनियमला ही सवलत मिळाली नाही. २००१ मध्ये बाजारात आलेला हा प्रोसेसर कंपायलरवरच्या विश्वासावर उभा होता. एकशे अठ्ठावीस बिटांच्या गठ्ठ्यात तीन आज्ञा बांधायच्या, आणि कोणत्या आज्ञा एकत्र चालू शकतात हे कंपायलरने आधीच ठरवायचे, अशी ती कल्पना. प्रोग्राम चालू असताना मेमरी कधी किती उशीर लावील, हे कंपायलरला आधी कळत नाही, आणि तिथे ही कल्पना लंगडी पडली. याच प्रोसेसरच्या भरवशावर, डीईसी विकत घेतलेल्या कॉम्पॅकने २००१ मध्ये अल्फाचा विकास थांबवायचे ठरवले होते. इंटेलकडून शेवटचे इटेनियम २०२१ मध्ये बाहेर पडले आणि कर्नलच्या ६.७ आवृत्तीतून सुमारे पासष्ट हजार ओळींचा त्याचा कोड काढण्यात आला. अल्फा मात्र, बाइट लिहू शकणाऱ्या रूपात, अजून आत आहे. जीसीसीनेही चौदाव्या आवृत्तीत इटेनियमला कालबाह्य ठरवले होते, पण सांभाळायला माणसे पुढे आल्यावर तो निर्णय मागे घेतला.

कंपायलर हाच अनेकदा पहिला तुटणारा दुवा असतो. कर्नल कोणत्याही कंपायलरने बनत नाही, त्याला किमान अमुक आवृत्ती लागते आणि ती किमान मर्यादा वर सरकत राहते. एव्हीआर३२ या प्रोसेसर-घराण्यासाठीचे जीसीसीतील बदल मूळ प्रकल्पात कधीच सामील झाले नाहीत. जुन्या कंपायलरचा अलग ठेवलेला फाटा हाच त्याचा आधार राहिला, आणि २०१७ मध्ये ४.१२ मधून ते आर्किटेक्चर गेले. युनिकोर३२ ची कथाही याहून फार वेगळी नाही. २०१८ च्या ४.१७ आवृत्तीत आर्न्ड बर्गमन यांनी ब्लॅकफिन, क्रिस, टाइल यांसह आठ आर्किटेक्चर्स एकदम काढली. एच८/३०० हे तर ३.१३ मध्ये गेले, ४.२ मध्ये नव्या मेंटेनरसह (सांभाळणाऱ्यासह) परतले आणि ५.१९ मध्ये पुन्हा गेले.

जीसीसीमध्ये प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन एका खास भाषेत लिहिलेले असते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने घेतलेल्या कार्यशाळांत हेच वर्णन पायरीपायरीने कसे रचावे ते शिकवले जाई, आणि ते किती कष्टाचे काम आहे हे तिथे बसलेल्यांना ठाऊक असेल. जुन्या वर्णनांत तुलनेचा निकाल साठवण्याची एक ठरावीक पद्धत होती. तिला 'सीसी-झिरो' म्हणत. ती कंपायलरच्या नव्या सुधारणांच्या आड येऊ लागल्यावर जी वर्णने बदलणार नाहीत, ती काढून टाकण्याचे ठरले. मोटोरोला ६८००० वर टांगती तलवार आली. चाहत्यांनी बक्षिसाची रक्कम गोळा केली, बर्न्ड श्मिट यांनी २०१९ मध्ये ते वर्णन नव्या पद्धतीने लिहून दिले आणि हे घराणे वाचले. डीईसीच्या जुन्या व्हॅक्स घराण्याचेही पुढे असेच रूपांतर झाले, आणि जीसीसीच्या बाराव्या आवृत्तीत जुनी पद्धत कायमची निघाली.

६८००० च्या पुढे याहून चिवट अडचण आहे. त्याच्या लिनक्सवरील ठरलेल्या नियमांनुसार चार बाइटांचा पूर्णांक दोनने भाग जाणाऱ्या पत्त्यावरही बसू शकतो. आजचे कित्येक प्रोग्राम पत्त्याचे शेवटचे दोन बिट शून्यच असणार असे धरून तिथे स्वतःच्या खुणा ठेवतात, आणि ते या यंत्रावर कोसळतात. नियम बदलावा, तर आजवर बनवलेले सगळे प्रोग्राम नव्याने बनवावे लागतात.

आणि ते बनवायचे कशावर? १९९८ च्या डेबियन २.० या लिनक्स-वितरणात इंटेलच्या जोडीला ६८००० होता, पण २००७ च्या ४.० आवृत्तीपासून तो अधिकृत यादीत राहिला नाही. पन्नास मेगाहर्ट्झचा ६८०६० हा या घराण्यातला वेगवान प्रोसेसर. मोठे पॅकेज बनवायला त्याला कित्येक दिवस लागत, आणि मध्येच डिस्क, कपॅसिटर किंवा वीजपुरवठा दगा देई. आता बरेचसे काम क्यूएमू या अनुकरणकर्त्यावर होते. वेग मिळतो, पण अनुकरणात खऱ्या चिपचे स्वभाव उतरत नाहीत. अल्फाच्या मेमरीचा सैल क्रम तिथे दिसत नाही, त्यामुळे क्यूएमूवर उत्तीर्ण झालेला कोड खऱ्या यंत्रावर चालेलच असे नाही.

अलीकडे प्रश्नाला नवे वळण मिळाले ते रस्ट भाषेमुळे. रस्टचा मुख्य कंपायलर एलएलव्हीएम या जीसीसीहून वेगळ्या कंपायलर-पायावर उभा आहे, आणि एलएलव्हीएमने अल्फाचा आधार २०११ मध्येच सोडला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीने रस्ट स्वीकारले, तेव्हा जुनी यंत्रे चालवणाऱ्यांना आपण एका रात्रीत बाहेर पडल्याचे जाणवले. त्याच वर्षी ६८००० साठीचे एलएलव्हीएमचे वर्णन स्वयंसेवकांच्या प्रयत्नाने मूळ प्रकल्पात दाखल झाले, मात्र प्रायोगिक म्हणून. जीसीसीच्या आधारे रस्ट बनवण्याचे दोन वेगळे प्रकल्पही चालू आहेत. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस डेबियनच्या एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकाच्या मेंटेनरने जाहीर केले की लवकरात लवकर मे २०२६ पासून त्यात रस्ट अनिवार्य होईल, आणि ज्या पोर्टकडे (डेबियनच्या विशिष्ट प्रोसेसरसाठीच्या रूपाकडे) चालता रस्ट कंपायलर नाही त्यांनी सहा महिन्यांत तो मिळवावा. त्या सूचनेची झळ लागणाऱ्यांत अल्फा, एचपीचे पीए-रिस्क, सुपरएच आणि मोटोरोला ६८००० ही चार घराणी आहेत.