पार्श्वभूमी : जुनाट दुखणं कुणाच्या खात्यात?

नागपुरात दवाखान्यांची वस्ती असलेल्या धंतोलीच्या कुठल्याही गल्लीत सकाळी उभं राहिलं, की हातात मोठी प्लास्टिकची पिशवी घेतलेली माणसं दिसतात. पिशवीत एक्स-रे, एमआरआय, तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. कुणी यवतमाळहून आलेलं, कुणी बालाघाटहून. माझ्या मावशीची अशी पिशवी मी नऊ वर्षं वागवली. हाडांच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी फिजिओथेरपीला, तिथून कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सुचवलं. त्या दिवशी मावशी घरी येऊन रडली. "म्हणजे मी नाटक करते का रे?" एवढंच विचारत राहिली. "आमच्याकडून सगळं नॉर्मल आहे" हे तोवर तिनं चार ठिकाणी ऐकलं होतं.

चार तज्ज्ञांना दाखवणं वेगळं आणि चार तज्ज्ञांनी एकत्र बसून बघणं वेगळं. हा फरक पहिल्यांदा ठळक झाला तो दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेतल्या एका लष्करी रुग्णालयात. तिथल्या तरुण भूलतज्ज्ञानं शिकत असताना पोटासाठी आखाड्यात कुस्त्या मारल्या होत्या आणि त्याचं स्वतःचं अंगही कायमचं दुखत असे. जखम भरूनही न थांबणारी वेदना एकट्याच्या आवाक्यातली नाही हे त्याला तिथे कळलं, म्हणून त्यानं इतर शाखांच्या सहकाऱ्यांना एकत्र बोलावलं. १९६० मध्ये सिएटलच्या विद्यापीठात अशा चमूचं रीतसर क्लिनिक उभं राहिलं. १९६५ मध्ये मज्जारज्जूतल्या 'दारा'चा सिद्धान्त आला : वेदनेचे संदेश तिथे अडवले किंवा वाढवले जातात आणि वरून मेंदूही त्यात हात घालतो. भीती, झोप आणि काळजी वेदनेच्या शास्त्रात आली ती तेव्हापासून.

पुढच्या काळातली घसरण थोडक्यात सांगता येते. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना तीन-चार आठवड्यांचा चमूचा कार्यक्रम महाग वाटू लागला, गोळी आणि इंजेक्शन सोपं. चमू ओसरले आणि अफूजन्य गोळ्यांचा पूर आला. भारतात नेमकं उलट घडलं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात कर्करोगाच्या रुग्णालाही मॉर्फिन हे अफूजन्य वेदनाशामक मिळेनासं झालं. २०१४ च्या दुरुस्तीनं ही गाठ सैल केली, तोवर एक पिढी कळवळत गेली.

खरा वाद मात्र अलीकडचा आहे. मराठीत 'दुखणं' म्हणजे वेदनाही आणि आजारही. 'दुखणाईत' माणूस आजारी असतो. वैद्यकानं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या : वेदना हे लक्षण, आजार त्याच्या मागे लपलेला. कारण सापडलं नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत अशा दुखण्याला बहुधा दोनच कोपरे उरत. एक 'इतरत्र न बसणारी वेदना', दुसरा मनोविकारांच्या प्रकरणातला. मावशीला जे टोचलं ते हेच.

२०१९ मध्ये मंजूर झालेली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेली नवी यादी वेगळं सांगते. तीन महिन्यांहून जास्त टिकलेली किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना जुनाट मानायची आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं तिचा उलगडा होत नसेल, तर ती वेदना हाच आजार. त्याला नाव दिलं 'प्राथमिक जुनाट वेदना'. या नावावर आक्षेप कमी नाहीत. 'प्राथमिक' शब्दानं ही सुरुवातीची, सौम्य अवस्था असावी असं वाटतं. शिवाय शिक्का बसला की डॉक्टर कारण शोधणं थांबवतील, ही भीती खरी आहे. ब्रिटनमध्ये २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी या गटातल्या रुग्णांना पॅरासिटामॉलसकट नेहमीची वेदनाशामकं सुरू करू नयेत असं म्हटलं, तेव्हा अनेकांना आपल्याला वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटलं.

तरीही वेदनेलाच आजार मानण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. आपल्याकडे कारणाचा हट्ट काय करतो ते 'गॅप' या शब्दात दिसतं. "मणक्यात गॅप आली" हे विदर्भात घरोघरी ऐकू येतं. प्रत्यक्षात चकती झिजते तेव्हा दोन मणक्यांमधली जागा कमी होते. त्यातही २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासणीतही चकतीची झीज दिसली : विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत. गॅप ऐकल्या दिवसापासून मावशीनं वाकणं सोडलं. मग स्नायू आखडले, झोप गेली. बरं वाटलं त्या दिवशी अख्खं घर आवरायची आणि पुढचे चार दिवस आडवी. चमूचं काम इथे असतं. फिजिओथेरपिस्ट रोज ठरलेली पावलं चालायला लावतो, बरं वाटलं म्हणून जास्त नाही आणि दुखलं म्हणून शून्य नाही. मानसशास्त्रज्ञ वाकण्याची भीती काढतो. औषधं कोणती ठेवायची हे एकच डॉक्टर बघतो आणि सगळे एकाच कागदावर लिहितात. 'दुखणं शून्य' हे उद्दिष्ट कुणी ठेवत नाही. जिना चढणं, कामावर परतणं ही उद्दिष्टं असतात.

कारण माहीत असलं तरी चमू लागतोच, हे नागपूरला सिकलसेल या विदर्भात बराच आढळणाऱ्या आनुवंशिक रक्तविकारानं शिकवायला हवं होतं. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्या तुंबतात, थंडीत किंवा पाणी कमी पडलं की कळा उठतात. काहींचा खुब्याचा सांधाही निकामी होतो. रात्री अपरात्री इंजेक्शन मागणाऱ्या अशा पोराकडे संशयानं बघितलं जातं, ही तक्रार जगभरची आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारांत सिकलसेल घेतला. कारण न सापडलेली जुनाट वेदना त्या यादीत नाही. आरोग्य योजनांची पॅकेजं अजून मुख्यतः भरती आणि शस्त्रक्रियेवर बेतलेली आहेत, आणि केसपेपरवर विभागाचं एकच नाव लिहिलं जातं.