सोलापूरचा मे महिना आणि इन्सुलिनची बाटली

टाइप १ मधुमेहात मुलाच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही. म्हणून रोज इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि बहुतेक घरांत ती आईच देते. निदान झालं की तिला पत्रक मिळतं : 'इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रीजमध्ये ठेवावे.' सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या, घरी फ्रीज नसलेल्या बाईनं या ओळीचं काय करायचं?

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. त्याच्या दोन साखळ्यांची घडी जशी असायला हवी तशी असली, तरच ते काम करतं. उष्णतेनं ही घडी उलगडते, रेणू एकमेकांना चिकटतात आणि औषध नासतं. दूध नासलं की दिसतं. इन्सुलिनचं तसं नाही. बाटली नितळ दिसत असूनही निकामी झालेली असू शकते. मग शुगर चढते, आणि घरातले मुलालाच धारेवर धरतात : चोरून गोड खाल्लंस ना? पोराची काही चूक नसते. याचं मला फार वाईट वाटतं.

यावर मडक्याचा उपाय आहे. मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडकं बसवायचं. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आतल्या मडक्यात ठेवायची, वर ओलं फडकं टाकायचं. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी. मडक्यातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ते आतली उष्णता ओढून घेतं. हवा जितकी कोरडी, तितका गारवा जास्त, म्हणजे आपला रखरखीत उन्हाळा इथं उपयोगीच पडतो. फ्रीजइतकं गार होत नाही. पण वापरात असलेली बाटली २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकते. आत एक साधा थर्मामीटर ठेवावा. न उघडलेल्या बाटल्या शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवाव्यात, फक्त बर्फाच्या कप्प्यात नकोत; एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

हे पत्रकातून कळत नाही. आईसमोर मडकं मांडून, तिच्याच हातानं सिरिंज भरून घेऊन शिकवायला हवं; घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर त्या भाषेत.

शुगर ७० च्या खाली गेली, मूल थरथरू लागलं, घामाघूम झालं, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. लहानग्याला थोडी कमी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं, सावरलं की भाकरी द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

सगळ्यात घातक चूक आजारपणात होते. ताप-उलट्यांमुळे मूल जेवत नाही, म्हणून घरचे इन्सुलिनच बंद करतात. खरं तर आजारात शरीर साखर वाढवणारी संप्रेरकं जास्त सोडतं. इन्सुलिन नसलं की पेशी चरबी जाळू लागतात आणि रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात. डोस किती कमी-जास्त करायचा ते डॉक्टरांना विचारावं, पण मनानं बंद करू नये. पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, श्वास खोल आणि भराभर चाललाय, असं दिसलं तर रात्र असली तरी सकाळची वाट न बघता मुलाला दवाखान्यात न्यावं.