कूलर भरला की वायफाय का तुटते?

चैत्र संपून पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात एक वाक्य हमखास कानावर येते : "उन्हानं नेट कमजोर झालं." पत्र्याखाली ठेवलेला राउटर तापून बंद पडू शकतो, हे खरे आहे, पण हवा तापल्यामुळे घरातल्या वायफायच्या लहरी दुबळ्या होतात, हा समज मात्र चुकीचा आहे. उन्हाळ्यात घरात आणखी एक वस्तू येते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

आमचे घर जुने, माती-विटांच्या दोन फुटी भिंतींचे. एका राउटरने भागत नाही म्हणून मेश यंत्रणा बसवली आहे : फायबरला जोडलेला मुख्य राउटर ओसरीत, आणि त्याच्याकडून बिनतारी मार्गाने इंटरनेट घेऊन पुढे देणारा दुसरा नोड माजघरातल्या स्टुलावर. मार्चपर्यंत सारे सुरळीत होते. एप्रिलपासून रोज संध्याकाळी सातनंतर माजघरातले नेट तुटू लागले, पहाटे आपोआप सुधारू लागले, आणि या सगळ्या काळात मोबाइलवर वायफायच्या रेषा पूर्ण भरलेल्या दिसत होत्या.

या रेषांवर विसंबल्यामुळेच बहुतेकांची फसगत होते. त्या फक्त मोबाइल आणि जवळच्या नोडमधल्या संपर्काची ताकद दाखवतात. नोड आणि मुख्य राउटर यांच्यातला दुवा कसा आहे, हे त्यांवरून कळत नाही. म्हणून मी लॅपटॉपवर दोन पिंग (ठरावीक पत्त्यावर छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहणारी चाचणी) सतत चालू ठेवले, एक मुख्य राउटरच्या १९२.१६८.१.१ या पत्त्यावर आणि दुसरा बाहेरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या, ८.८.८.८ या पत्त्यावर. फक्त दुसरा तुटला असता तर दोष फायबरचा किंवा त्यापुढचा ठरला असता. ओसरीत बसल्यावर एकही तुटला नाही. माजघरात दोन्ही एकाच क्षणी तुटले. म्हणजे दोष त्या दोन खोल्यांच्या मध्येच होता, आणि मध्ये दाराच्या तोंडाशी ६० लिटरचा प्लॅस्टिकचा कूलर होता, जो आम्ही रोज संध्याकाळी काठोकाठ भरतो.

पाण्याचे हे वागणे मला फार सुंदर वाटते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धनभारित आणि दुसरे ऋणभारित असते, त्यामुळे विद्युतक्षेत्रात तो क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतो. घरातले वायफाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वापरते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीतले क्षेत्र सेकंदाला २४० कोटी आवर्तने करते. शेजारच्या रेणूंच्या गर्दीत अडकलेला रेणू त्या वेगाशी पूर्णपणे जुळवून घेऊ शकत नाही, थोडा मागे पडतो, आणि या मागे पडण्यातच लहरीची ऊर्जा उष्णतेत बदलते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच तत्त्वावर, २.४५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर, चालतो. २.४५ गिगाहर्ट्‌झ ही 'पाण्याची नैसर्गिक वारंवारता' आहे असे अनेकदा लिहिले जाते, तेही बरोबर नाही. साध्या तापमानाला पाण्याचे शोषण २० गिगाहर्ट्‌झच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणूनच २.४ पेक्षा ५ गिगाहर्ट्‌झची लहर पाण्यात लवकर संपते : पहिलीची तीव्रता दीड-दोन सेंटिमीटरमध्ये साधारण एक तृतीयांशावर येते, तर दुसरीची अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच. शिवाय पाण्याचा परावैद्युतांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा) ८० च्या जवळ असल्याने, समोरून आलेल्या लहरीची निम्म्याहून अधिक ऊर्जा पृष्ठभागावरूनच परत फिरते. हातभर रुंदीची भरलेली टाकी त्या लहरीसाठी जवळजवळ भिंतच असते.

जाड मातीच्या भिंतींमुळे आमच्याकडे लहरींचा मुख्य रस्ता दारातूनच होता, आणि नोड टाकीच्याच उंचीवर होता. आढ्यावरून, चौकटीवरून परावर्तित होऊन जे थोडे पोहोचे, त्यावर दुवा कसाबसा टिके. कोणी मध्ये येऊन उभे राहिले, की तोही तुटे, कारण माणसाच्या शरीरातही भरपूर पाणी आहे. रात्रभर कूलर चालून पातळी उतरली की रस्ता पुन्हा मोकळा होई.

याच संदर्भात, मोबाइलला चिकटवण्याच्या 'रेडिएशन शोषणाऱ्या' चिपांबद्दल सांगितले पाहिजे, कारण आठवडी बाजारातही त्या विकल्या जातात. अशी चिप लहरी खरोखर मोठ्या प्रमाणात शोषत असती, तर कूलरच्या टाकीप्रमाणे तिनेही मोबाइलचा संपर्क कमजोर केला असता. तसे होत नाही, यावरून ती फारसे काही शोषत नसावी, असे दिसते. लोकांनी कष्टाचे पैसे त्यावर घालवू नयेत.

उपाय साधा निघाला. नोड स्टुलावरून काढून दाराच्या चौकटीच्या वर, खिळ्याला टांगला. त्या संध्याकाळी कूलर नेहमीसारखा भरला आणि तासभर पिंग चालू ठेवले. मुख्य राउटरकडचे एकही उत्तर चुकले नाही. मागच्या खोलीत तिसरा नोड लावायचा आहे, पण मध्ये टिनाचे छप्पर आणि धान्याच्या लोखंडी कोठ्या आहेत. धातूवरून लहरी जवळजवळ पूर्ण परावर्तित होत असल्यामुळे तिथे उंची बदलून भागणार नाही, आणि म्हणून पावसाळ्याआधी आढ्याच्या कडेने लॅन केबल ओढणार आहे.