अबोली: मागीलदारच्या सावलीतलं झुडूप

कोल्हापुरात आता जुनं घर पाडून नवं बांधलं की शेजारच्या भिंतीपर्यंत चार-पाच फुटांची पट्टी उरते. सकाळी तास-दोन तास ऊन, मग दिवसभर सावली. गुलाब तिथं काड्या होऊन उभा राहतो, जास्वंदीला नुसती पानं येतात. महिन्या-दोन महिन्यांनी मालक वैतागून नर्सरी गाठतो आणि क्रोटन, ड्रॅसिना, अ‍ॅग्लोनिमा ही रंगीत पानांची झाडं घेऊन येतो. या झाडांशी माझं भांडण नाही. पण अशा जागेसाठी आपल्याकडं एक झुडूप कधीपासून आहे. ते बारा महिने हिरवं राहतं, कमरेच्या वर जात नाही आणि सावलीत राहूनही फुलतं. त्याचं नाव अबोली. ते आपल्या परसातून कसं सरकलं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

शिवाजी पेठेतल्या आमच्या आज्जीच्या घरी मागीलदारी न्हाणीचं पाणी जायचं तिथं केळीचा गड्डा होता. केळीच्या पुढं अळू, अळवाच्या वरच्या बाजूला, जरा उंचवट्यावर, कढीपत्त्याच्या सावलीत अबोलीची सात-आठ झुडपं. एकदा मी त्यातलं एक उपटून पुढच्या अंगणात, चांगल्या उन्हात नेऊन लावलं. आज्जी म्हणाली, "उन्हात नगं गं लावूस, करपतंय त्ये." आणि एप्रिलमध्ये त्याची पानं पिवळी पडून कडांनी खरंच करपली. आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं. झाडाची मूळ जागा कोणती, हे मात्र तिला अचूक ठाऊक होतं.

अबोली दक्षिण भारत आणि श्रीलंकेची. तिथल्या जंगलात ती मोठ्या झाडांच्या बुडाशी वाढते, म्हणून गाळून आलेल्या उजेडावर भागवायची तिला सवय. पानं रुंद, गडद, तुकतुकीत आणि कडेला किंचित लाटदार. अडुळसा, कोरांटी आणि आपल्या घाटातली कारवी ही सगळी तिच्याच कुळातली. गगनबावडा किंवा राधानगरीकडं पावसाळ्यानंतर रानात शिरलात तर झाडांखाली या कुळातली झुडपं पावलापावलाला भेटतात. त्यांत निळसर-हिरव्या फुलांची रानअबोलीही असते. ती वेगळ्या प्रजातीची. फुलांच्या ठेवणीत साम्य आहे म्हणून लोकांनी तिला हे नाव दिलं.

कोल्हापूर दोन वाटांच्या मधोमध बसलंय. पश्चिमेला घाट उतरला की कोकण, तिथं नारळी-पोफळीच्या आगरात झाडांच्या सावलीत अबोली हौसेनं लावलेली दिसते. तिकडं आणि गोव्यात अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, हा शब्दच बायकांच्या तोंडी आहे. दक्षिणेला निपाणी लागली की कर्नाटक, आणि तिकडं हेच फूल कनकांबर होतं. कानडी, तमिळ, मल्याळी सगळीकडं याच नावाची रूपं. सोन्याचं वस्त्र, असा त्याचा अर्थ. आमच्या घरी बेळगावची काकू कनकांबर म्हणायची आणि सावंतवाडीची मावशी अबोली, आणि दोघी एकाच परडीतली फुलं ओवायच्या. मराठी नाव कसं पडलं याचा उलगडा लोक एकाच तऱ्हेनं करतात: या फुलाला वास नाही. मोगरा, जुई, सोनचाफा दुरून हाक मारतात, ही बोलत नाही, म्हणून अबोली. मला हा उलगडा पटतो. एरवी आपण फुलाची पारख नाकानंच करतो. तरीही बिनवासाच्या फुलाला आपल्या बायकांनी जुई-मरव्याच्या शेजारी वेणीत बसवलं, ते त्याच्या रंगासाठी आणि टिकाऊपणासाठी. सकाळी माळलेली अबोली संध्याकाळीही मान टाकत नाही.

लेखी नोंदींत अबोली भेटते ती मलबारात, म्हणजे आजच्या केरळच्या किनाऱ्यावर. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' नावाचा ग्रंथ तयार करून घेतला. 1678 ते 1693 या काळात त्याचे 12 खंड ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यात अबोलीचं चित्र आणि वर्णन आहे, मंजकुरिनी या मलबारी नावानं. मराठी वाचकाला या ग्रंथाबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असावी असं मला फार वाटतं. ऱ्हेडेला माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी 1675 मध्ये लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे, आणि ते देवनागरी अक्षरांत आहे. युरोपात छापल्या गेलेल्या एवढ्या जुन्या पुस्तकात आपली अक्षरं झाडापाल्याच्या निमित्तानं पोचली, याचं मला कायम अप्रूप वाटतं.

पुढं स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1759 मध्ये या झाडाला शास्त्रीय नाव दिलं आणि ते जस्टिशिया या प्रजातीत बसवलं. त्याने निवडलेल्या 'इन्फन्डिब्युलिफॉर्मिस' या शब्दाचा अर्थ नरसाळ्याच्या आकाराचं. 1805 मध्ये सॉल्झबरी या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने अबोलीसाठी क्रॉसँड्रा ही वेगळी प्रजाती केली, आणि 1832 मध्ये जर्मन अभ्यासक नेस याने दोन्ही जोडून आजचं नाव कायम केलं. क्रॉसँड्रा म्हणजे झालर लावलेले पुंकेसर. एखादं फूल हातात घेऊन नळी उभी चिरून बघा. आत चार बारीक पुंकेसर असतात आणि त्यांच्या टोकाला खरोखर केसाळ कड असते. फुलाची दुसरी गंमत बघायला चिरायचीही गरज नाही. पाच पाकळ्या चहूबाजूंनी न पसरता सगळ्या एकाच बाजूला पंख्यासारख्या उघडतात. वरचा ओठ नाहीच. त्यामुळे चौकोनी हिरव्या कणसावर फुलं ओळीनं बसली की प्रत्येकीचं तोंड बाहेर राहतं. कणीस खालून वर फुलत जातं, आज दोन, परवा दोन, असं पंधरा-वीस दिवस. वेणी करताना हीच ठेवण उपयोगी पडते. लांब नळी केळीच्या भिजवलेल्या सोपटात पकडता येते आणि पाकळ्या एकावर एक, कौलांसारख्या बसतात.

हे झालं फुलाचं. पण सावलीतली बाग म्हणजे रंगीत पानं, हे समीकरण आपल्याकडं कुठून आलं, हेही बघायला हवं. लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांना 1829 मध्ये बंद काचेच्या बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा उगवलेला दिसला. त्यातून त्यांनी झाडं नेण्याची काचेची बंद पेटी तयार केली. खारं वारं आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे जहाजावर मरणारी रोपं आता महिनोन्‌महिने जगू लागली आणि जगभरची झाडं इकडची तिकडं झाली. इंग्लंडमध्ये सावलीतल्या सदाहरित झुडपांची आवड त्याआधीपासूनची. जपानचं ऑक्युबा हे ठिपक्याठिपक्यांच्या पानांचं झुडूप 1783 मध्ये तिकडं पोचलं होतं. लंडनच्या धुरात आणि घरांच्या काळ्या सावलीतही ते तगलं, पण आलेली सगळी रोपं मादी, त्यामुळे लाल फळं धरेनात. शेवटी रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने 1861 मध्ये जपानहून नर झाड आणलं. जवळजवळ 80 वर्षं एका झुडपाने नुसत्या पानांवर लोकांना रिझवलं. क्रोटन मूळचं मलुकू बेटांकडचं, त्याचंही वेड त्याच शतकात वाढलं. साहेबाच्या बंगल्याला, कचेरीला अशा पानांच्या कुंड्या शोभू लागल्या आणि संस्थानी शहरांनी ती रीत उचलली. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलची इमारत 1872 ते 1876 ची, मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्याची. शहराच्या मधोमध हिंडण्यासाठी बाग, ही कल्पना त्याच काळात रुजली. परसातल्या अबोलीला दर्शनी बागेत जागा मिळाली नाही. ती बायकांचं, मागीलदारचं झाड राहिली. आणि क्रोटनचं दुखणं असं की गडद सावलीत त्याचे लाल-पिवळे रंग उतरतात, ते हिरवट होत जातं. म्हणजे ज्या रंगासाठी आणलं तो रंग जातो. अबोलीला सावलीत फुलं कमी येतील, पण येतील ती त्याच रंगाची.

मग परसच गेलं. वाड्याच्या वाटण्या झाल्या, न्हाणीचं पाणी गटारात गेलं, मागीलदारी फरशी बसली. अबोली उरली ती रंगाच्या नावात. आजही साडीच्या दुकानात अबोली रंग मागितला की दुकानदार नेमका गठ्ठा काढतो. 2016 च्या सुमारास राज्यात महिला रिक्षाचालकांच्या रिक्षांसाठी हाच रंग ठरला. अबोली रिक्षा म्हटलं की मुलींना रिक्षा कळते. झाड दाखवलं तर ओळखत नाहीत, हे मी माझ्याच घरात पाहिलंय आणि मला ते लागलं.

आमची नवी पट्टी भरायला मी नर्सरीतून सहा रोपं आणली. फुलं मोठी, गडद नारिंगी, आज्जीच्या अबोलीपेक्षा देखणी. वर्ष गेलं, दुसरं गेलं, पण एक गोष्ट चुकल्यासारखी वाटत होती. पावसाळ्यात आज्जीच्या मागीलदारी पहिली सर आली की टचटच आवाज व्हायचा. वाळलेल्या कणसातल्या बोंडांना पाणी लागलं की ती फटकन दुभंगतात आणि आतल्या आकड्यासारख्या दांड्या बिया लांब भिरकावतात. इंग्रजीत या झाडाला फटाक्याचं फूल म्हणतात ते यावरूनच. आम्ही पोरं बोंडं तळहातावर घेऊन थुंकी लावायचो आणि वाट बघायचो. बी गालावर येऊन लागायची. माझ्या सहा रोपांवर एकही बोंड धरलं नाही.

कारण जातीत होतं. फुलबाजारात 'दिल्ली' नावाची अबोली फार चालते. तिच्यात गुणसूत्रांचे दोन किंवा चार नाही, तीन संच असतात. तीनची जोडी लागत नाही, म्हणून ती वांझ राहते. बी नाही, म्हणून ती फक्त छाट कलमांनी वाढवतात. फुलं एकसारखी आणि भरपूर येतात, हा शेतकऱ्याचा खरा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही. किलोभर व्हायला हजारो फुलं लागतात, तिथं मोठं फूल म्हणजे मजुरीची बचत. पण परसातली अबोली स्वतःच स्वतःला पेरत होती. आज्जीने ती सात-आठ झुडपं कधी विकत आणली नव्हती, ती भिंतीच्या फटीत आपोआप उगवलेली रोपं होती.

जमिनीबद्दल सांगायलाच हवं, कारण कोल्हापुरात अबोली मरते ती बहुतेक वेळा मुळाकडून. पन्हाळा-राधानगरीकडच्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत ती सुखात असते. पंचगंगेकाठच्या काळ्या, चिकट मातीत पाणी तुंबतं आणि मर रोग येतो. मुळांवर सूत्रकृमींनी, म्हणजे मातीतल्या अगदी बारीक जंतांनी, जखमा केल्या की त्यांतून बुरशी शिरते, पानं मलूल होतात आणि पंधरवड्यात झुडूप वाळतं. 2019 च्या महापुरात आमच्या मामांच्या घरात आठवडाभर पाणी होतं. ओसरल्यावर पांढरा चाफा उभा राहिला, अबोली एकही वाचली नाही. म्हणून काळ्या मातीत ती गादीवाफ्यावर किंवा कुंडीतच लावावी, मातीत वाळू आणि शेणखत मिसळावं, निंबोळी पेंड घालावी. आधीच्या हंगामात त्या जागी झेंडू घेतला तर उत्तम, त्याच्या मुळांतून पाझरणारं द्रव्य सूत्रकृमींना मारतं. आज्जी दसऱ्याचा झेंडू काढून तिथंच अबोलीची ती आपोआप उगवलेली रोपं बसवायची. सूत्रकृमी हा शब्द तिने ऐकलेला नव्हता. चुनखडीच्या मातीत कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तो लोहाचा तुटवडा असतो. सकाळचं तीन-चार तासांचं कोवळं ऊन मिळालं तर फुलांचा बहर चांगला राहतो. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात झुडूप जगतं, पण कणसं मोजकीच येतात.

गेल्या मे महिन्यात कागल तालुक्यातल्या एका नातेवाइकांच्या परड्यात मला जुनी, फिकट नारिंगी, बारीक फुलांची अबोली दिसली. वाळकी कणसं कागदाच्या पाकिटात घालून आणली. घरी थाळीत ठेवून वरून पाण्याचा हबका मारला. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग एक बोंड उडालं, लगोलग दुसरं, आणि बिया थाळीच्या काठाला लागून टणटण वाजल्या. माझी दहा वर्षांची मुलगी दचकून मागं सरली आणि लगेच पुढं येऊन म्हणाली, "आई, अजून पाणी मार." जमिनीवरून आम्ही एकवीस बिया वेचल्या. त्यातल्या चौदा रुजल्या, आणि पट्टीच्या त्या कोपऱ्यात दिवाळीत पहिलं कणीस आलं.