एमएस झालं म्हणून 'दमू नका' हा सल्ला आला कुठनं

कोल्हापुरात व्यायाम म्हटलं की जोर, बैठका, तालमीची लाल माती आणि घाम, एवढंच डोळ्यासमोर येतं, त्यामुळं एमएसच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या पेशंटनं व्यायाम करायचा म्हटलं की घरचेच आडवे येतात. माझ्या मावशीला आम्ही असंच कितीतरी दिवस खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

यात एक जुना घोळ आहे. 1890 च्या सुमाराला एका जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनं लिहून ठेवलं की अशा पेशंटना श्रम झाले की अंधुक दिसतं आणि थोडी विश्रांती घेतली की परत नीट दिसतं. खरं कारण श्रम नव्हतं, अंगात वाढलेली उष्णता होती, नसांवरचं मायलिनचं आवरण गेलेलं असलं की अर्धा डिग्री फरकानंसुद्धा संदेश अडकतो आणि अंग गार झालं की परत सुरू होतो. एमआरआय यायच्या आधी तर निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे! पण तात्पुरता त्रास म्हणजे आजारच वाढला असं धरलं गेलं आणि कित्येक दशकं 'दमू नका' हाच सल्ला चालला. मला यात पेशंटचं मोठं नुकसान झालं असं वाटतं, कारण बसून बसून मांड्यांची ताकद जाते, सांधे आखडतात आणि मग सगळं खापर आजारावर फुटतं.

1996 ला अमेरिकेत एमएसच्या पेशंटकडनं 15 आठवडे हातापायांनी चालवायच्या सायकलवर व्यायाम करून घेतला, तेव्हा ताकद आणि दम दोन्ही वाढले. 2004 ला तिथंच 69 जणांवर सहा महिन्यांचा अभ्यास झाला, त्यात आपल्या पुण्यात घडलेला अय्यंगार योग आणि सायकल दोन्हीनं थकवा कमी झाला, स्मरणशक्तीत मात्र फरक नाही. 80 च्या दशकात एमएससाठी गाजलेली, बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली ऑक्सिजन द्यायची थेरपी मात्र पुढच्या चाचण्यांत टिकली नाही. मसाज वगैरेनं आखडलेल्या अंगाला बरं वाटतं, पण हे सगळं पूरक, म्हणजे गोळ्या-इंजेक्शनं चालू ठेवून करायचं, त्यांच्या जागी नाही.

मावशी आता सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, मानेवर ओला पंचा टाकून ओट्याला धरून टाचा वर-खाली करते, मग रंकाळ्यावर एका बाकापासनं दुसऱ्या बाकापर्यंत चालते. उजवा पाय ओढायला लागला की बसते, पंचा परत भिजवून घेते, थोड्या वेळानं पाय उचलायला लागतो आणि ती पुढच्या बाकाकडं निघते.